लव्हाळा उपटून जात नाही

परसू, बाग, कुळागर: वाचकांचे प्रश्न

या पावसाळ्यात आलेल्या पत्रांत तणाची पत्रं बरीच निघाली. तण कसं काढावं हे तर सगळ्यांनाच हवं आहे. पण त्या कामाला काही आध्यात्मिक अर्थ लागतो का, असंही अनेकांनी विचारलं आहे. आम्ही हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवलेले नाहीत. ज्या झाडाची रचनाच माहीत नाही त्याच्यावरून मनाला उपदेश करायला गेलं की उपदेशही चुकतो आणि तणही वाढतं. पहिल्याच पत्रात नेमकं तेच झालं आहे.

प्रश्न: परसूत लव्हाळा माजला आहे. चार वर्षं मी तो मुळासकट उपटतो आणि दर वर्षी तो आधीपेक्षा दाट येतो. तण म्हणजे मनातले षड्रिपू, ते समूळ उपटावेत, असं प्रवचनात ऐकलं होतं. माझ्या हातून काय चुकतं? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: तुमचे कष्ट कमी पडलेले नाहीत, उपमा चुकली आहे. एकदा पिकासाने हातभर लांब-रुंद आणि वीतभर खोल असा मातीचा ठोकळा सावकाश उचला, पाण्याच्या बादलीत ठेवा आणि हाताने माती सोडवत जा. जमिनीवर दिसणाऱ्या पात्यांच्या खाली पांढरी, नाजूक मान दिसेल. तिच्या बुडाशी एक फुगीर गड्डी, आणि त्या गड्डीतून निघालेले तारेसारखे तपकिरी धागे. धागा चार-सहा बोटं गेला की हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, काळपट, उग्र वासाची गाठ. तिच्यातून पुढे धागा, पुढे आणखी गाठ. अशी माळच्या माळ. याच गाठींना औषधाच्या दुकानात मुस्ता म्हणतात.

गोम अशी, की माळेतली एक गाठ फुटून वर आली की बाकीच्यांना ती दाबून ठेवते, आणि त्या निजून राहतात. तुम्ही वरचं पातं ओढता तेव्हा मान किंवा धागा तुटतो, गाठी मातीतच राहतात आणि त्यांच्यावरचा दाब जातो. एका पात्याच्या जागी महिन्याभरात चार येतात ते यामुळे. लव्हाळा उपटणं म्हणजे निजलेल्यांना उठवणं.

म्हणून त्याला उपाशी ठेवायचं. पातं जमिनीच्या वर आलं की पहिले काही आठवडे ते गाठीत साठवलेलं अन्न खर्च करतं. साधारण चार ते सहा आठवड्यांनी त्याची कमाई सुरू होते आणि नव्या गाठी धरू लागतात. त्याआधीच पातं गेलं पाहिजे. दर बारा ते चौदा दिवसांनी धारदार खुरप्याने मातीच्या वरच्या थरातच, बोटाच्या एका पेराइतक्या खोलीवर कापत जा. खोल खणू नका, ओढू नका. एक पाळी चुकून महिना उलटला तर नव्या गाठी धरतात आणि आधीच्या दोन पाळ्यांचं काम वाया जातं.

कापणीच्या जोडीला सावली लागते, कारण लव्हाळ्याला उन्हाची हाव असते. मोकळ्या वाफ्यात चवळी दाट पेरा किंवा रताळ्याचे वेल सोडा. जमीन झाकली की त्याची निम्मी ताकद तिथेच जाते. काळं प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा अंथरून तो मरेल या आशेवर मात्र राहू नका. अंधारात त्याचा कोंब सुईसारखा टोकदार राहतो आणि प्लॅस्टिक भोसकून वर येतो. पारदर्शक प्लॅस्टिकखाली उजेड मिळाल्यामुळे पातं तिथल्या तिथे उलगडतं आणि उन्हात होरपळतं. तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला वाफा सपाट करून वीतभर ओल जाईल इतकं पाणी द्या. वर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून कडा मातीत पुरा आणि पाच-सहा आठवडे हात लावू नका. कागद सैल राहिला किंवा कडेने वारा शिरला तर आतली उष्णता निघून जाते.

कागद नको असेल तर दुसरी वाट. एप्रिलमध्येच जमीन वीतभर खणून ढेकळं उलटी टाका, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटा. गाठी उन्हात सुकून सुरकुतल्या की मरतात. मे अखेरची वळवाची सर त्याआधी आली तर मात्र उरलेल्या तरारून उठतात, म्हणून हे काम मेच्या मध्यापर्यंत संपवा.

पहिल्या महिन्यात पाती वाढलेली दिसतील. गाठी जाग्या होत असतात, घाबरू नका. चार काठ्या रोवून एक चौरस मीटर आखून ठेवा आणि दर पाळीला त्यातली पाती मोजून कॅलेंडरवर लिहा. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, आकड्यात दिसतो. दोन ते तीन पावसाळे धरून चाला.

आता अर्थाचं. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं चौथं सूत्र काढून पाहा. तिथे अविद्येला ‘क्षेत्र’, म्हणजे शेत म्हटलं आहे, आणि त्या शेतातले बाकीचे क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे दोष, चार अवस्थांत असतात असं सांगितलं आहे: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न, उदार. निजलेली गाठ, उपासमारीने बारीक झालेलं पातं, कालच कापल्यामुळे आज न दिसणारा कोंब आणि तरारलेलं झुडूप. लव्हाळ्याच्या वाफ्याचं याहून चोख वर्णन शेतीच्या पुस्तकातही मिळायचं नाही. विच्छिन्न ही अवस्था नीट लक्षात घ्या. राग आठ दिवस आला नाही म्हणजे गेला, असं आपण समजतो ते इथेच. या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात याच्या पुढची एक अवस्था येते, दग्धबीज: भाजलेलं, पुन्हा न रुजणारं बी. मेच्या उन्हात सुरकुतलेली गाठ हातात घेऊन पाहा, तो शब्द कुणी समजावून सांगावा लागणार नाही. षड्रिपूंची उपमा वाईट नाही, पण ‘समूळ उपटा’ हा सल्ला देणाऱ्याने लव्हाळा कधी खणून पाहिलेला नसावा.

प्रश्न: ज्या हरळीला मी वर्षभर शिव्या घालते, तीच चतुर्थीला दूर्वा म्हणून गणपतीला वाहते. हे मनाला खटकतं. उपटताना पाप लागतं का? आणि दूर्वा घरी लावायची तर ती वाफ्यात पसरणार नाही असं काय करावं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: पापाची भीती सोडा. दूर्वेला ज्या गुणासाठी मान आहे, त्याच गुणाचा तुम्हाला त्रास होतो आहे. दूर्वेच्या वैदिक मंत्राची सुरुवात ‘काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती’ अशी आहे: कांड्याकांड्यातून फुटणारी. मंत्र म्हणतो, तशीच आमची वाढ शेकड्यांनी, हजारांनी होवो. ज्याने हे रचलं त्याने हरळी जवळून पाहिली होती. दोन बोटं लांबीचा तुकडा, त्यावर एक पेर, एवढं ओल्या मातीत पडलं तरी नवं रोप होतं.

तेव्हा कुदळ किंवा यंत्र फिरवू नका. एका वेलाचे पन्नास तुकडे केले तर पन्नास रोपं होतील. दातेरी हातकाटा घ्या, माती ओली असताना काट्याने उसकटा आणि वेल सबंध हाताने काढत जा. जमिनीखालचे पांढरे, टोकदार धुमारे बहुतेक वीतभर खोलीत असतात, भुसभुशीत मातीत त्याहून खाली. काढलेली माती जाड चाळणीतून चाळून घ्या. चाळणीवर जे राहील ते पत्र्यावर उन्हात वाळवा. पावसात ऊन मिळत नाही, म्हणून झाकणाच्या पिंपात पाण्याखाली तीन-चार आठवडे बुडवून कुजवा. झाकणाखाली जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल. कुजलेलं पाणी दहापट पातळ करून माडाला घाला, वाया जात नाही. वास मात्र भयंकर येतो, पिंप घरापासून लांब ठेवा.

घरच्या दूर्वेसाठी हात-दीड हात रुंद, फूटभर खोल सिमेंटची कुंडी घ्या. कुंडी मातीवर ठेवू नका, दोन चिऱ्यांवर (जांभ्या दगडांवर) ठेवा, कारण बुडाच्या भोकातून मुळं खाली उतरतात. किमान सहा तास ऊन हवं, माडाच्या सावलीत दूर्वा विरळ होते. कडेवरून लोंबणारे वेल दर आठवड्याला कात्रीने कापा. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी सगळी कुंडी चार बोटांवर छाटा, म्हणजे ऐन वेळी कोवळी तीन-पाच पात्यांची तुरी मिळते आणि फुलोरा आलेली जून काडी वाहावी लागत नाही.

दूर्वा म्हणून भलतंच गवत वाहिलं जातं, तेही सांगून ठेवतो. नाचणीच्या जातीचं एक रानगवत असतं, बुडाशी चपटं, पांढरट, एकाच जागी जुडगा करून वाढणारं. त्याचा फुलोराही बोटांसारखा असल्यामुळे फसगत होते. दूर्वा जुडगा करत नाही, ती धावते.

आणि निर्माल्य. विसर्जनानंतर दूर्वांच्या जुड्या हार-फुलांबरोबर थेट आळ्यात किंवा खताच्या खड्ड्यात जातात. भाद्रपदातल्या ओलीत त्या आठवड्यात रुजतात. आधी पडवीत पसरून कडकडीत वाळवा, मग खतात टाका.

प्रश्न: तुळशीवृंदावनात बारीक तण फार येतं. शेजाऱ्यांनी मिठाचं पाणी आणि व्हिनेगर फवारायला सांगितलं. देवाच्या जागी हे चालेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: देवाच्या जागी नाही आणि दुसऱ्या कुठल्या वाफ्यातही नाही. व्हिनेगरने वरची पानं करपतात, मूळ शाबूत राहतं. मीठ मातीत साठतं, तुळशीचीच मुळं जाळतं, आणि वृंदावन चिऱ्याचं असेल तर चिऱ्यात शिरून सुकताना त्याचे खडे होतात. मग गिलाव्याला पोपडे येतात आणि रंग दर वर्षी गळतो. तण राहतं, वृंदावन जातं.

तुमच्या वर्णनावरून ती आंबुशी दिसते: तीन हृदयाकार पानं, पिवळं फूल, चावली तर आंबट. तिची उभी शेंग वाळली की स्पर्शाने फुटते आणि बी हातभर उडतं. म्हणजे शेंग धरल्यावर उपटायला जाल तर स्वतःच पेरणी कराल. फुलावर असतानाच, पाणी घालून तासाभराने, जुन्या चमच्याच्या दांड्याने मुळाखालून उचला. वरची दोन बोटं माती बदलून टाका. दोन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं खत, एक भाग नदीची वाळू. खत अर्धकच्चं असेल तर नवं तण तुम्हीच आणाल. आणि उपटण्याआधी पान चुरून वास घ्या. मंजिऱ्यांचं बी पडून आलेली तुळशीची पिल्लं दोन पानांवर असताना तणासारखीच दिसतात, आणि दर वर्षी कितीतरी घरांत ती केराबरोबर जातात.

द्वादशीला तुळस खुडत नाहीत, तेव्हा तुळशीच्या लग्नासाठीची साफसफाई आठवडाभर आधीच उरकून घ्या. पुढे वृंदावन सारवायला किंवा रंगवायलाही वेळ मिळतो.

प्रश्न: वळचणीखालच्या भिंतीत पिंपळ रुजला आहे. गडी कापायला तयार नाहीत, घरची वडीलधारी मंडळीही नको म्हणतात. भिंतीला चीर गेली आहे. (एक वाचक, मडगाव)

उत्तर: ही चीर दर पावसाळ्यात वाढेल, म्हणून आधी कामाचं बोलू. पिंपळाची फळं पक्षी खातात आणि विष्ठेतून बी भिंतीच्या सांध्यात पडतं. जुन्या घरांत चिऱ्यांचे सांधे मातीचे किंवा चुन्याचे असतात, त्यात ओल टिकते. वरचं खोड कापून काही होत नाही, कारण भिंतीतल्या मुळांत अन्न साठलेलं असतं. उलट कापल्या जागी तीन फुटवे येतात.

रोप वीतभराच्या आत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, भिंत भिजलेली असताना, बुडाशी धरून सरळ रेषेत हळूहळू ओढा. बहुतेक वेळा सगळं मूळ येतं. ते ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि पिशवीत लावून दोन-तीन महिने सावलीत जगवा. मग घरापासून आणि विहिरीपासून किमान पंधरा-वीस मीटरवर लावा. देवळाच्या आवारात लावायचं तर समितीला आधी विचारा, न विचारता आणून ठेवलेली पिंपळाची रोपं हा त्यांचा वेगळाच ताप असतो.

मूळ अंगठ्याएवढं झालं असेल तर ओढू नका, मुळाबरोबर चिरे येतील. त्याला जानेवारी ते एप्रिल हा काळ. खोड भिंतीपासून चार-पाच बोटं ठेवून कापा, उरलेल्या खुंटाची साल भिंतीपर्यंत गोल सोलून काढा, आणि फुटवे दर पंधरा दिवसांनी, पान उलगडण्याआधी, नखाने खुडा. लव्हाळ्याचंच तत्त्व आहे: पानाला कमाई करू द्यायची नाही. मूळ मरायला वर्ष लागतं. मेलेलं मूळ सुकून आकसलं की गवंड्याकडून लागतील तेवढे चिरे सोडवून काढून घ्या. सांधा भरताना एक भाग चुना, तीन भाग वाळू वापरा आणि आठवडाभर ओला ठेवा. इथे सिमेंट मारण्याचा मोह होतो. चिरा मऊ, सिमेंट कडक. वर्षा-दोन वर्षांत दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते आणि पुढचं बी तिच्यातच येऊन बसतं.

अ‍ॅसिड, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही ओतू नका. ते भिंतीतून कुठे झिरपेल याचा नेम नसतो, आणि वर लाकडी वासे आहेत. भोक पाडून हिंग भरण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, आम्ही त्यावर विसंबत नाही. खुंटावर लावायच्या ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत. दुकानातून आणून घरच्या घरी ते लावू नका. आणि रोपाचं एव्हाना झाड झालं असेल तर गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, कुऱ्हाड लावण्याआधी वन खात्याकडे अर्ज करा.

वडीलधाऱ्यांना काय सांगायचं? गीतेच्या पंधराव्या अध्यायात घट्ट मुळांचा अश्वत्थ असंगाच्या शस्त्राने छेदायला सांगितलं आहे, हा श्लोक तुम्हाला कुणीतरी दाखवेलच. तो दाखवू नका. तो संसारवृक्ष आहे, तुमच्या वळचणीतला नव्हे. त्यापेक्षा जुनी रीत सरळ आहे: झाडाची क्षमा मागायची, नारळ ठेवायचा, त्याचंच एक रोप दुसरीकडे लावायचं आणि मग हत्यार लावायचं. हिच्यात घरच्यांचा मान राहतो, गड्यांची भीती जाते आणि पिंपळही जगतो. फक्त क्रम उलटा करू नका. आधी दुसरं रोप धरलेलं दिसलं की घरातला विरोध आपोआप मावळतो.

प्रश्न: सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला. मला तण काढताना कंबरदुखीच भेटते. नामस्मरण करत काम करावं म्हटलं तर लक्ष लागत नाही. (एक वाचक, पेडणे)

उत्तर: आधी कंबर. वाकून उभ्याने तण काढणं बंद करा. वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, गुडघ्याखाली सुतळीच्या पोत्याची घडी, आणि हात न ताणता जेवढं पोचेल तेवढंच काढा. ते साधारण एक चौरस मीटर भरतं. ते संपलं की उठा, चार पावलं चाला, पाट पुढे सरकवा. खुरपं दर दहा मिनिटांनी दुसऱ्या हातात घ्या. पहिल्या दिवशी डावा हात वेड्यासारखा चालतो, आठवड्यात वळण पडतं. सकाळी पाऊण तास पुरे. रविवारी चार तास काम करून पुढचे तीन आठवडे अंथरूण धरण्यापेक्षा रोजचं थोडं बरं.

खुरपं फार खोल घालू नका. मातीत खाली हजारो बिया निजलेल्या असतात, खोल उलथलं की त्यांना उजेड दिसतो आणि त्या उगवतात. दोन बोटांच्या वर खोली नको. पाऊस सुरू झाल्यावर वाफा तयार करून लगेच पेरू नका. दहा-बारा दिवस थांबा, पहिलं तण उगवू द्या, ते वरच्यावर खरवडा आणि मग पेरा. या एका थांबण्याने पुढची निम्मी बेणणी वाचते, पण पाऊस लागल्यावर हातावर हात ठेवून बसवत नाही हीच अडचण.

नामाचं म्हणाल तर ओठांवर असू द्या, डोळे मातीत ठेवा. नामात गुंगून मिरचीची रोपं उपटणारे आहेत. आमच्या मते मोजणीचा जप इथे जमत नाही, कारण मन आकड्याकडे जातं. एक मीटर तुकडा हीच माळ समजा. त्या तुकड्यातलं प्रत्येक रोप ओळखून मगच हात घालायचा: हे काय, मूळ सोटासारखं की धावतं, फूल आलं का, ठेवायचं की काढायचं. एवढं अवधान पाऊण तास टिकलं तर वेगळं ध्यान लागतं का हे तुम्हीच आम्हाला कळवा.

पावसाळ्यात हातमोजे आणि गमबूट हवेतच. पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून अशाच पाण्यात पसरतो. गच्च वाढलेल्या जागी हात घालण्याआधी काठी आपटा. गाजरगवत असेल तर फुलावर येण्याआधी आणि हातमोज्यांनीच काढा. त्याने कातडीला खाज-पुरळ येतं आणि परागांनी दम्याच्या माणसाला त्रास होतो.

प्रश्न: आई म्हणते, पहिल्या पावसातलं सगळंच तण काढायचं नसतं. काय ठेवावं? (एक वाचक, काणकोण)

उत्तर: आईचं ऐका. कुंपणाकडेला दोन-तीन मीटरचा पट्टा चतुर्थीपर्यंत तसाच ठेवा. त्यात पहिला येतो तायकिळा, म्हणजे टाकळा. रोप वीतभर होईपर्यंत शेंड्याची कोवळी पानं खुडा. फणसाच्या बिया, हिरवी मिरची आणि भरपूर नारळ घालून केलेली त्याची भाजी गोव्यात कुणाला नव्याने सांगायला नको. एक खबरदारी घ्या: टाकळ्याला पानांच्या तीन जोड्या असतात आणि पानाचं टोक गोल असतं. चार ते सहा जोड्या आणि टोकदार पान दिसलं तर तो कासविंदा, त्याच्या बिया विषारी. टाकळा फुलावर आला की भाजी जून होते. शेंगा वाळण्याआधी सगळी रोपं काढा, नाहीतर त्याचं टणक बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं.

पत्रीसाठी आघाड्याची दोन-चार रोपं पुरेत. त्याचंही बी पिकण्याआधी उपटा, ते कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटून घरभर फिरतं. माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधतात त्या चौकटीला, लागणाऱ्या घागऱ्या आणि कवंडाळाचे वेल कुंपणावर असतील तर ऑगस्टच्या साफसफाईत गड्याला ते आधी दाखवून ठेवा. त्याच्या लेखी सगळा तो रानटा. कवंडाळ माटोळीला बांधण्यापुरतंच, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

प्रश्न: नर्सरीतून हौसेने आणलेली पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी आता सगळ्या बागेत पसरली आहे. विकत आणलेल्या झाडाचा एवढा राग येतो, की काढायला बसले तरी मन शांत होत नाही. (एक वाचक, वास्को)

उत्तर: राग झाडाचा नाही, दिलेल्या पैशांचा आहे. तो काम झाल्यावर उतरेल. हिचं खोड जमिनीवर लोळतं आणि प्रत्येक पेरातून मुळं सोडतं. मधूनच ओढलं की तुटतं. कडेचं टोक शोधा, तिथून सुरुवात करून वेल गालिच्यासारखा गुंडाळत आत या, आणि जिथे पेर मातीला धरून बसलं आहे तिथे काटा घालून सुटं करा. पहिली सफाई झाल्यावर तीन आठवड्यांनी राहिलेली पेरं फुटतील, ती काढा. पुन्हा तीन आठवड्यांनी उरलेली. मग सहा पदरी वर्तमानपत्र आणि त्यावर माडाची चुडतं किंवा नारळाची सोडणं चार-पाच बोटं जाड पसरा. झाडांच्या बुंध्यापासून ही आच्छादनं वीतभर लांब ठेवा, कारण चिऱ्याच्या जमिनीत वाळवी कागदावरून थेट खोडावर चढते. काढलेला वेल पत्र्यावर किंवा गच्चीवर काळा पडेपर्यंत वाळवा. ओढ्याकडेला टाकू नका. पाण्याबरोबर पेरं खालच्या भाटात (माडांच्या बागेत) जाऊन रुजतात, आणि पुढच्या पावसाळ्यात हाच प्रश्न शेजाऱ्याच्या पत्रातून आमच्याकडे येतो.